केबल आली, परतीची वाट का नाही आली?

वऱ्हाडातल्या कोणत्याही वस्तीत जा. घरावरचे पत्रे गळके असतील, नाल्या उघड्या असतील, नळाला दोन दिवसांआड पाणी येत असेल. पण घराघरावरून केबलची काळी तार गेलेली दिसेलच. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्धाची दृश्ये परदेशी वाहिनीवरून थेट दिसू लागली आणि त्यानंतर केबल टीव्हीने देश व्यापला. अमरावतीत फ्रेजरपुरा असो की बडनेरा, अकोल्यात अकोट फैल असो की खदान, केबलवाला बिनबोलावता आला. त्याने कोणाची जात विचारली नाही, पगार विचारला नाही, घर पक्के की कच्चे हेही पाहिले नाही. महिन्याचे पैसे द्या आणि तार घ्या, एवढाच त्याचा हिशेब होता. त्या काळात तार पोहोचण्याची अडचण कोणालाच आली नाही.

मग पुढे त्याच धंद्यातून, त्याच खांबांवरून घरी वेगवान इंटरनेट देण्याची वेळ आली तेव्हा मात्र चित्र का पालटले? शहरातल्या कॉलन्यांमध्ये फलक लागले, पत्रके वाटली गेली, नोकरदारांच्या घरी दुसऱ्या दिवशी माणूस येऊन मोडेम बसवून गेला. आमच्या वस्तीतल्या मुलाने फोन केला तर उत्तर मिळाले, "भाऊ, तुमच्या एरियात फिजिबल नाही." हा 'फिजिबल' शब्द आज आमच्या वस्त्यांच्या वेशीवर पाटीसारखा उभा आहे. तो कोठून आला, त्याच्या पोटात काय दडले आहे आणि तो कसा हटवायचा, याचा विचार चळवळीतल्या माणसाने करावयास हवा. कारण हा चैनीचा प्रश्न नाही. आमच्या लेकरांची शिष्यवृत्ती, प्रवेश, परीक्षा आणि आमचे म्हणणे जगापुढे जाणे, हे सगळे आता या तारेवर लटकले आहे.

प्रथम तारेचे तंत्र समजून घेऊ. केबल टीव्हीची तार म्हणजे मध्ये तांब्याची एक काडी, तिच्याभोवती प्लास्टिकचा थर आणि त्यावर धातूची जाळी. या तारेतून पन्नास-शंभर वाहिन्या वेगवेगळ्या लहरींवर एकाच वेळी धावतात. पण तार जसजशी लांब जाते तसतसा सिग्नल क्षीण होतो. म्हणून काही अंतरावर त्याला जोर देणारे यंत्र, म्हणजे ॲम्प्लिफायर, बसवावे लागते. टीव्हीसाठी लावलेले हे यंत्र एकाच दिशेने काम करते. केबलवाल्याकडून घराकडे जाणारा सिग्नल ते पुढे ढकलते. घराकडून केबलवाल्याकडे काही पाठवायचे म्हटले तर ते अडवते. टीव्हीला त्याची गरजच नव्हती. तिकडून बोलायचे आणि इकडून ऐकायचे, एवढाच तो व्यवहार होता.

इंटरनेटचे तसे नाही. तेथे मागणी घरातून निघते आणि उत्तर घरात येते. फॉर्म आपण भरतो, छायाचित्र आपण चढवतो, प्रश्न आपण विचारतो. म्हणून तारेला परतीची वाट लागते. त्यासाठी वाटेवरची सगळी जुनी यंत्रे काढून दोन्ही दिशांनी चालणारी बसवावी लागतात, किंवा छपरांवरून लॅनची वेगळी वायर ओढावी लागते, किंवा आता करतात तसे काचेच्या तंतूचे फायबर न्यावे लागते. या कामाला पैसा लागतो. हा पैसा कोठे घालायचा, याचा निर्णय धंदेवाल्याने घेतला. ज्या गल्लीत दहातली आठ घरे नेट घेतील असे त्याला वाटले, ती गल्ली त्याने दुतर्फा केली. ज्या गल्लीतून फक्त टीव्हीचे पैसे येतील असे त्याने गृहीत धरले, ती एकतर्फी राहिली. म्हणजे वस्तीला ऐकण्याची तार मिळाली आणि बोलण्याची तार कॉलनीला मिळाली.

आम्हाला या ठिकाणी इतिहास आठवतो. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्या काळात वर्तमानपत्रांचा तोटा नव्हता. आमच्याविषयी लिहिणारेही होते, आम्हाला उपदेश करणारेही होते. पण आमचे म्हणणे आमच्या तोंडून छापणारे कोणी नव्हते. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता, हे चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ती बंद वाट स्वतः उघडली. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ही आमची परतीची वाट होती. समाजाला नुसते ऐकणारे ठेवायचे की बोलणारे करायचे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचाच आहे. आज तो तारेच्या रूपाने पुन्हा आला आहे.

शासनाचे धोरण कसे चालले तेही पाहू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले गेले. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आणले. तेव्हा महिन्याला ठरावीक माप मिळे आणि त्यावर वापर झाला की बिल चढे. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे, म्हणून गजर लावून रात्री दोनला उठणारे विद्यार्थी त्या पिढीने पाहिले आहेत. पण त्यासाठी घरी टेलिफोन आणि संगणक दोन्ही असावे लागत. आमच्या किती घरांत होते? पुढे २०१३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ किलोबिटवर गेली आणि २०२३ च्या जानेवारीत ती २ मेगाबिट झाली. आज फायबरवाले चाळीस, शंभर, तीनशे मेगाबिटच्या गोष्टी करतात. आकडे वाढत गेले; वस्तीची वेस मात्र बऱ्याच ठिकाणी तेथेच राहिली.

येथे कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, स्वस्त डेटा आहे, मग घरच्या तारेचे काय काम? हा युक्तिवाद आमच्यातलेही अनेक जण करतात, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के आणि शहरातल्या ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली. संगणक तर ग्रामीण भागात अवघ्या ४.४ टक्के घरांत होता. २०२५ च्या पाहणीत घरी इंटरनेट असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ८६ टक्क्यांच्या वर गेले. ही वाढ खरी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण तिच्यात बहुतांश वाटा मोबाईलचा आहे. २०२४ च्या अखेरीस देशात ब्रॉडबँडचे ९४ कोटींच्या वर ग्राहक होते. त्यांत तारेने जोडलेले सुमारे ४ कोटी. म्हणजे शंभरातले चार-पाच. ते चार-पाच कोण आणि कोठे राहतात, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको.

मोबाईल एका माणसाचा असतो आणि तार घराची असते. बाप सकाळी कामाला निघाला की फोन त्याच्या खिशात जातो. घरी तीन लेकरे. दहावीची मुलगी, बारावीचा मुलगा आणि धाकटा. तिघांनी अभ्यास करायचा तो संध्याकाळी बाप परतल्यावर, आणि तोवर दिवसाचा दीड जीबी संपलेला असतो. त्यातही पहिला नंबर मुलाचा लागतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ३८ महिलांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांहून अधिक होते. सावित्रीमाईंचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रातली ही स्थिती आहे. घरात तार आली आणि राऊटर लागला की नेट कोणाच्या खिशात जात नाही. ते घरातल्या मुलीचेही होते.

कोरोनाच्या काळात हे उघडे पडले. २०२० च्या मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर गेले. ज्या घरी तार होती तेथे मूल खोलीत बसून शिकले. ज्या घरी एकच फोन होता तेथे मूल शिकले नाही, किंवा अर्धेमुर्धे शिकले. मेळघाटात तर रेंज शोधत टेकाडावर चढावे लागे. त्या दोन वर्षांचा फटका बसलेली मुले आज महाविद्यालयात आहेत, काही जण गळून मजुरीला लागली आहेत.

कोरोना गेला, पण शासन पडद्यावरून परत आले नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जी बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १९४४ मध्ये सुरू झाली, तिचा अर्ज २०१७ पासून महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. जात पडताळणीचा अर्ज ऑनलाईन. २५ टक्के राखीव जागांवरचा शाळाप्रवेश ऑनलाईन. अकरावीचा प्रवेश अमरावती शहरात आधीच ऑनलाईन झाला होता, २०२५-२६ पासून तो साऱ्या राज्यात तसा झाला. पोलीस भरती, रेल्वे, एमपीएससी, सगळे अर्ज तेथेच. अर्ज भरणे म्हणजे माहिती वर पाठवणे, म्हणजे परतीच्या वाटेचे काम. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो, सही, सगळे चढवायचे. मोबाईलच्या इवल्या पडद्यावर ते जमत नाही म्हणून पोरगा सायबर कॅफेत जातो. तेथे पन्नास-शंभर रुपये देतो, रांगेत बसतो, सर्व्हर बंद म्हणून परत येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. आईची एक रोजी त्यातच जाते. घाईत कॅफेवाल्याने नाव किंवा खाते क्रमांक चुकीचा टाकला तर वर्षाची शिष्यवृत्ती अडकते. आणि अर्ज बाद झाला की कार्यालयात उत्तर तयार असते : तुम्हीच चुकीचा भरला.

हक्क कागदावर शाबूत ठेवायचा आणि त्याच्याकडे जाणारी वाट अरुंद करायची, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे. पूर्वी वाट अडवायला माणूस उभा राहत असे. आज माणूस दिसत नाही, 'फिजिबल नाही' एवढा शब्द पुरतो.

या शब्दाच्या पोटात शिरू. २००६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ब्रॉडबँड सेवेच्या दर्जाचे नियम केले. त्यात मागणी केल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत जोडणी द्यावी असे म्हटले. पण पुढे एक अट होती : तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर. 'फिजिबल' हा शब्द असा नियमाच्या पोटातून वस्तीच्या वेशीवर आला. वास्तविक पाहता अमरावतीच्या गाडगे नगरात जे तंत्र चालते ते फ्रेजरपुऱ्यात बंद पडत नाही. काचेच्या तंतूला वस्तीचे नाव वाचता येत नाही. शक्य नसते ते तंत्र नव्हे, धंदेवाल्याच्या वहीतला नफा.

हा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. फायबरची एक तार वस्तीच्या तोंडाशी आणली की एका छोट्या डबीतून, तिला स्प्लिटर म्हणतात, तिचे आठ, सोळा किंवा बत्तीस फाटे निघतात. एका फाट्यावर एक घर. तार आणायचा खर्च एका घरासाठी असो की सोळा घरांसाठी, जवळजवळ तेवढाच येतो. एकट्या मुलाने फोन केला तर केबलवाल्याला तो खर्च परवडत नाही, म्हणून तो 'फिजिबल नाही' म्हणतो. तेच सोळा घरे एकत्र येऊन एका कागदावर सह्या करून गेली तर तीच वस्ती संध्याकाळपर्यंत 'फिजिबल' होते. संघटित व्हा, हे बाबासाहेबांचे सांगणे केवळ मोर्चापुरते नाही. घरी नेटची तार आणण्यासाठीही तोच एक मार्ग आहे.

इच्छा असेल तर काय होते हे अमरावती-अकोला मार्गावरच साऱ्या जगाने पाहिले. २०२२ च्या जूनमध्ये या राष्ट्रीय महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. तेथे राबलेल्या कामगारांचा आम्हाला अभिमान आहे. पण आम्ही विचारतो, साडेचार दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर रस्ता होऊ शकतो, तर त्याच महामार्गाला लागून असलेल्या गावाच्या मुख्य चौकातून आमच्या वस्तीपर्यंतची तीनशे-चारशे मीटर तार ओढायला वर्षे का लागावीत?

गावाची गोष्ट आणखी वेगळी आहे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्यासाठी १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. ही तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येते. कार्यालय गावात असते आणि आमची वस्ती गावाबाहेर, ही गावांची रचना कोणी केली ते सांगायला नको. म्हणजे सरकारी फायबरही मनूने आखलेल्या हद्दीपाशी येऊन थांबते. कार्यालयाला कुलूप लागले की यंत्र आत आणि विद्यार्थी बाहेर.

आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यात हरिसाल आहे. कोरकू आदिवासींच्या मेळघाटातले हे गाव २०१६ च्या सुमारास देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजवण्यात आले. मायक्रोसॉफ्टसारखी जगातली बडी कंपनी सोबत होती. टीव्ही वाहिन्यांच्या रिकाम्या लहरींवरून नेट पोहोचवण्याचा प्रयोग जाहीर झाला. २०१९ च्या लोकसभा प्रचारात त्याच हरिसालच्या जाहिरातीतल्या दाव्यांची जाहीर सभांमधून चिरफाड झाली. आम्हाला त्या राजकारणात पडायचे नाही. आम्ही त्यातून एवढाच बोध घेतो, की वरून दिलेली आणि फोटोसाठी दिलेली सोय लोकांच्या मागणीवर उभी नसेल तर ती टिकत नाही. ज्यांच्यासाठी नेट आणले त्यांच्या घरी ते चालते की नाही, हे विचारणारी संघटना गावात असावी लागते.

आणि हा पैसा कोणाचा आहे? दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम २००२ पासून एका सार्वत्रिक सेवा निधीत जमा होते. दूरसंचार कायदा २०२३ नंतर त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. जेथे नफा नाही तेथेही सेवा पोहोचावी, हाच त्या निधीचा हेतू. कंपनी ही रक्कम आपल्या घरून आणत नाही. ती ग्राहकांच्या बिलातून येते. म्हणजे वस्तीतली बाई फोनला रिचार्ज मारते तेव्हा त्यातला वाटा त्या निधीत जातो. आम्ही आमच्याच पैशाने ओढलेली तार मागत आहोत, भीक मागत नाही.

राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये शासनाच्या पैशातून चालणाऱ्या किंवा सर्वांसाठी असलेल्या विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरापासून जातीच्या कारणाने कोणाला रोखता येणार नाही, अशी हमी आहे. घटना लिहिली तेव्हा फायबर नव्हते. पण सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सोयीवर सर्वांचा हक्क, हे तत्त्व जुने होत नाही. न्यायालयेही त्या दिशेने आली आहेत. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरून मत मांडण्याला कलम १९ चे संरक्षण असल्याचे सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा मिळणे कलम २१ च्या जगण्याच्या हक्काशी जोडले गेले. हे ध्यानात ठेवणे अमरावतीकरांना विशेष गरजेचे आहे, कारण २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या हिंसाचारानंतर शहरातले नेट काही दिवस बंद होते. दंगल कोणी करो, अडते ते परीक्षेचा अर्ज भरणारे पोर.

पण निकालाने तार येत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तीन वर्षे त्या पाण्याला आमच्या माणसाचा हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्याकडे चालत गेले तेव्हा तो ठराव खरा झाला. भारतनेट, डिजिटल निधी आणि न्यायालयाचे निकाल हे आज आमच्या हातातले बोले ठराव आहेत. तळ्यापर्यंत चालत जाण्याचे काम अजून व्हायचे आहे.

ते काम अवघड नाही. वस्तीतल्या दोन शिकलेल्या पोरांनी घरोघरी फिरून ज्यांना जोडणी हवी त्यांची यादी करावी. सोळा-वीस घरे झाली की केबलवाल्याला, बीएसएनएलला आणि इतर कंपन्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. 'फिजिबल नाही' असे तोंडी सांगितले तर तेच लेखी मागावे. लेखी म्हटले की पुष्कळदा लाईन निघते. जोडणी घेताना वेगाची भाषा समजून घ्यावी. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि आपल्या फायली मेगाबाईटमध्ये. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे ४० मेगाबिटच्या लाईनवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाईट उतरतात. उतरण्याच्या वेगाबरोबर चढवण्याचा वेग किती, हेही विचारावे, कारण आमची परतीची वाट तीच आहे. किती वापरानंतर वेग कमी होतो, राऊटर आपला की कंपनीचा, अनामत परत मिळेल का, कर धरून बिल किती, हे आधी ठरवून पावती घ्यावी. लाईन बंद पडली की तक्रारीचा क्रमांक मागावा. त्यावर समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. वऱ्हाडात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून राऊटरसाठी छोटी बॅटरी घ्यावी.

ज्यांना महिन्याचे बिल झेपत नाही त्यांच्यासाठी विहाराचा किंवा समाजमंदिराचा विचार करावा. एक जोडणी, एक राऊटर, दोन जुने संगणक आणि एक प्रिंटर एवढ्यावर अभ्यासिका उभी राहते. मुले चार लोकांसमोर बसतात, म्हणून नेटने लेकरे बिघडतील ही आईबापांची काळजीही कमी होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत छोटा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. एकेकाळी एसटीडी-पीसीओने जशी अनेक अपंग आणि बेरोजगारांना भाकर दिली, तसे वस्तीतल्या एखाद्या पोराचे यातून पोट चालू शकते. केरळ सरकारने जून २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू करून २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्राने तसे का करू नये, हा प्रश्न आमच्या आमदार-खासदारांना आणि नगरसेवकांना निवेदन देऊन विचारला पाहिजे.

एक कटू गोष्ट समाजबांधवांना सांगितली पाहिजे. १४ एप्रिलला इर्विन चौकात आणि अशोक वाटिकेत निळा सागर उसळतो, तो आमचा अभिमान आहे. पण एका रात्रीच्या डीजेवर वस्ती जेवढी वर्गणी उडवते तेवढ्यात विहारातले नेट वर्षभर चालते. जयंती जोमात करावी; तिच्या वर्गणीतला चौथा हिस्सा या तारेसाठी बाजूला काढावा.

आणि तार आल्यावर तिचे काय करायचे? पुन्हा दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले पाहतच बसायचे असेल तर जुनी टीव्हीची केबल काय वाईट होती? बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. छापील खंड मिळत नाहीत म्हणून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. संविधान सभेतल्या चर्चा तेथे आहेत. 'स्वयम'वर देशातल्या नामवंत प्राध्यापकांचे वर्ग आहेत. ते उतरवून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली चळवळीची आठवण ध्वनिमुद्रित करून वर चढवा. भीमगीते गाणाऱ्या गायकाची वही टंकित करून ठेवा. अन्याय झाला तर तारीख, वेळ आणि कागदासह तक्रार नोंदवा. ज्या दिवशी वस्तीतून वर जाणारी माहिती वस्तीत उतरणाऱ्या माहितीची बरोबरी करू लागेल, त्या दिवशी आम्ही खऱ्या अर्थाने जोडले गेलो असे म्हणता येईल.

केबलवाला १९९१ नंतर आपणहून आला, कारण त्याला प्रेक्षक हवे होते. परतीची वाट कोणी आपणहून आणून देणार नाही. ती मागावी लागेल, सह्या करून मागावी लागेल, आणि नाही मिळाली तर अमरावतीच्या आणि अकोल्याच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसून मागावी लागेल. या आठवड्यात आपल्या वस्तीतली सोळा नावे लिहून काढा. कामाला सुरुवात तेथूनच होईल.